लाज कुठे ठेवावी?

जपानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न विचारतात. पहिला चारचौघांत आणि मोठ्याने : "बुलेट ट्रेनमध्ये बसलात का?" दुसरा, चारचौघे चहाला उठले की खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज खाली आणून : "ते आंघोळीचं काय म्हणतात, ते खरं का हो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणी ऐकत नाही. दुसऱ्याचं ऐकायला मात्र आतली मंडळीही हातातलं उलथनं तसंच धरून दाराशी येऊन उभी राहतात.

तर खरं आहे. जपानी माणूस गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात अंगावर चिंधीही न ठेवता उतरतो. पुरुष पुरुषांच्या भागात, बायका बायकांच्या. एवढं ऐकलं की विचारणारे गृहस्थ "शी शी शी!" म्हणतात, आणखी तपशील विचारतात, आणि सगळे तपशील मिळाल्यावर समारोप करतात, "काही म्हणा, आपली संस्कृती ती आपली संस्कृती. आपल्याला लाज आहे!"

या वाक्याशी माझं भांडण आहे. माझं म्हणणं असं की, सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत निर्लज्ज कुणी असेल तर ते आपण आहोत. रागावू नका. आणि रागवायचंच असेल तर लेख संपेपर्यंत थांबा, म्हणजे सगळं एकदमच रागावता येईल.

आम्ही गेलो होतो होक्काइदो बेटावर, तोया नावाच्या सरोवराकाठी. आम्ही म्हणजे मी, आमची ही, हिची थोरली बहीण आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे साडू. साडूंची मुलगी तोक्योच्या निशी-कासाई भागात राहते. तिथे आपली मंडळी इतकी आहेत की तूरडाळीसाठी कुणाला फार वणवण करावी लागत नाही. तिने आमची दोन रात्रींची सोय करून दिली. साप्पोरोहून दोनेक तास आगगाडी, मग थोडा वेळ बस, आणि वळणावर एकदम ते पाणी दिसतं. जुन्या ज्वालामुखीचं तोंड ढासळून झालेल्या खड्ड्यात साठलेलं जवळजवळ वाटोळं सरोवर, मध्ये बेटं, घेर चाळीसेक किलोमीटर. होक्काइदोच्या हिवाळ्यातही हे सरोवर गोठत नाही. तिथल्या माणसांचं काय होतं ते मात्र मे महिन्यात दोन स्वेटर घालून फिरणाऱ्या आमच्या साडूंना विचारा.

काठावर मोठी हॉटेलं आहेत. आमची मात्र दहा-बारा खोल्यांची सराई होती. तिला रिओकान म्हणतात. रिओकान म्हणजे लॉज नव्हे, कारण इथे कुणी खोलीच्या दाराशी रेंगाळून बक्षिशीसाठी खाकरत नाही. धर्मशाळाही नव्हे, हे बिल पाहिल्यावर कळतं. मालकीणबाई दारात गुडघ्यांवर बसून स्वागत करतात. पायताणं उंबऱ्याशी काढायची. इथवर हिला सगळं घरच्यासारखं वाटलं. मग संडासासाठी वेगळ्या सपाता दिसल्या आणि तिचा जपानविषयीचा आदर कायमचा पक्का झाला. खोलीत खाटा नाहीत. तातामीच्या चटया, संध्याकाळी त्यांवर गाद्या पसरतात. घालायला युकाता नावाचा सुती अंगरखा देतात. त्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उलट नेसवतात ती फक्त मढ्याला. साडू उलट नेसून बाहेर आले. मालकीणबाईंनी तोंडातून अक्षर न काढता, हसऱ्या चेहऱ्याने त्यांना वळवलं, सोडलं आणि पुन्हा बांधलं. आपण क्षणभर वारलो होतो हे साडूंना रात्री जेवताना कळलं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. मेहुणीबाई शाकाहारी, आणि जपानात बहुतेक रश्शाला माशाच्या अर्काचा आधार असतो. मुलीने आधी कळवून ठेवलं होतं म्हणून निभावलं. आपला मुद्दा आंघोळीचा आहे.

तो विधी असा. आधी कपडे काढायची खोली. तिथे टोपल्या असतात, कपडे त्यात ठेवायचे. हातात एक पंचा, तोही आपल्या जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनाचा थोरला भाऊ. पुढे न्हाणी. भिंतीला ओळीने नळ, प्रत्येक नळापुढे बुटकी चौरंगी, एक बादली, साबण, आरसा. चौरंगीवर बसायचं. बसूनच, कारण उभं राहून पाणी घेतलं तर शेजाऱ्यावर उडतं. मग अंग असं घासायचं की जणू उद्या लग्न आहे. साबणाचा शेवटचा फेस जाईपर्यंत पाणी घ्यायचं, आपण बसलो ती चौरंगी धुवायची, बादली पालथी घालायची. आणि मग, इतकं सगळं झाल्यावर, माणूस कुंडात उतरतो. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर घडी करून ठेवायचा. पोहायचं नाही, ओरडायचं नाही, तोंड धुवायचं नाही. नुसतं बसायचं. समोर काचेपलीकडे सरोवर, खांद्यापर्यंत कढत पाणी, आणि सारी मंडळी रिझर्व्हेशन पक्कं झालेल्या उतारूंसारखी निश्चिंत.

म्हणजे काय झालं, पाहा. आपण पाण्यात उतरतो ते स्वच्छ होण्यासाठी. ते स्वच्छ होऊन पाण्यात उतरतात. सगळा फरक एवढाच आहे, आणि या एवढ्याशा फरकात आपल्या गंगा, गोदावरी आणि चंद्रभागा बुडालेल्या आहेत.

आमचे साडू पहिल्या रात्री गेले नाहीत. "तत्त्व म्हणून" गेले नाहीत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना तत्त्वं पुष्कळ. खोलीतल्या इवल्याशा न्हाणीत त्यांनी दार लावून, कडी तपासून आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचे गुडघे दुखू लागले आणि तत्त्वाला फट पडली. कुणी नसेल अशी वेळ गाठायची म्हणून ते पहाटे साडेचारला उठून, चोरपावलांनी, पंचा छातीशी धरून खाली गेले. आत सात म्हातारे आधीच बसलेले होते. जगातला कुठलाही म्हातारा साडेचारला जागा असतो हे स्वतः सत्तरीला टेकलेल्या साडूंना कसं सुचलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. सातांनीही मान किंचित हलवली आणि पुन्हा सरोवराकडे पाहू लागले. साडू पाऊण तासाने परत आले. मी विचारलं, "काय, कसं काय?" तर म्हणाले, "पाणी कडक होतं." याउपर एक शब्द नाही. पण निघायच्या दिवशी बसला उशीर होतोय म्हणून त्यांना शोधू लागलो, तेव्हा ते कुठे सापडले असतील हे सांगायला नको.

हिचा अनुभव निराळा. ती पहिल्याच रात्री ताईंना ओढून घेऊन गेली. परत आल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तिथे एक आजी होत्या. ऑपरेशनमध्ये एक बाजू गेलेली. अगदी सरळ बसल्या होत्या पाण्यात. कुणी बघितलंसुद्धा नाही. मी साठ वर्षांत पहिल्यांदा अशा जागी बसले, जिथे माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं."

हे वाक्य मला त्या आजींपेक्षाही आपल्याबद्दल अधिक सांगून गेलं. आपल्या घाटावर बाई नऊवारी-सहावारीसकट पाण्यात उतरते, ओल्या पातळाआड कसरत करत कोरडं पातळ नेसते, आणि काठावरचा पुरुषवर्ग सूर्याला अर्घ्य देता देता डोळ्यांचे कोपरे वापरतो. लाज कुणी बाळगायची? न्हाणाऱ्या बाईने! बघणाऱ्याकडे कुणी लाज मागतच नाही. आपण लाजेचं सगळं गाठोडं अंगावरच्या कपड्यांत बांधून ठेवलं आहे. त्यामुळे डोळ्यांना आणि हातांना ती शिल्लकच राहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, जपान्यांचं काय सांगता, त्यांच्या रक्तातच शिस्त आहे!" मला या रक्ताचा फार कंटाळा आला आहे. दुसऱ्याचा गुण त्याच्या रक्तात आहे म्हटलं, की आपल्याला तो शिकायला नको. रक्त बदलून घ्यायची सोय नाही, तेव्हा विषय संपला, चला पान लावा! पण ज्या रक्तात ही शिस्त सांगता, त्याच रक्ताच्या माणसांनी मिनामाताच्या उपसागरात कारखान्याचा पारा वर्षानुवर्षं सोडला. त्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ साली झाली आणि विषारी पाणी सोडणं थांबायला १९६८ उजाडलं. माशांतून माणसांत विष गेलं, माणसं वाकडीतिकडी होऊन मेली, पोटातली मुलं अपंग जन्मली. पीडितांना कोर्टात भांडावं लागलं तेव्हा १९७३ साली कंपनीवर जबाबदारी ठरली. तेव्हा रक्त कुठे गेलं होतं?

कुंडाबाहेरची शिस्त रक्तातून येत नाही. ती चौरंगी, बादली आणि नळ यांतून येते. पाण्याच्या अलीकडे धुवायची सोय केलेली असते म्हणून माणूस अलीकडे धुतो. भिंतीवर चित्रांची पाटी असते आणि आजोबा नातवाची मानगूट धरून त्याच्या कानामागे साबण लावत असतात. मी पाहिलं ना! पोरगं जपानी रक्ताचं असूनही धूम ठोकून कुंडाकडे पळत होतं, आणि आजोबा त्याला परत आणून बसवत होते. शिस्त रक्तात असती तर म्हाताऱ्याला एवढी धावपळ कशाला करावी लागती?

शिवाय ते पाणी येतं कुठून, हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे. सरोवराच्या दक्षिणेला उसू नावाचा ज्वालामुखी आहे. १९१० साली तो फुटला आणि त्यानंतर काही वर्षांत काठावर गरम पाणी सापडलं. तेव्हापासून हे गाव त्या पाण्यावर जगतं. पण ज्या विस्तवावर पाणी तापतं तो विस्तव अधूनमधून घरी येतो. १९४३ च्या अखेरीस धरणीकंप सुरू झाले आणि १९४५ पर्यंत गव्हाच्या शेतातून एक अख्खा डोंगर वर आला. युद्धाचा काळ, सरकारला बातमी दाबायची होती. तेव्हा तिथल्या पोस्टमास्तरांनी, मासाओ मिमात्सु त्यांचं नाव, एका जागी हनुवटी टेकून, समोर आडव्या दोऱ्या ताणून त्या डोंगराची वाढ दिवसेंदिवस कागदावर उतरवली. १९४८ साली ऑस्लोच्या परिषदेत ज्वालामुखीचे जाणकार ते चित्र पाहून थक्क झाले. याच गृहस्थांनी तो डोंगरच विकत घेतला, कुणी त्याची नासधूस करू नये म्हणून. आपल्याकडे डोंगर विकत घेतात ते कशासाठी, ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला नको.

उसू पुन्हा १९७७ साली फुटला, पुन्हा २००० साली. त्या वेळी धक्क्यांवरून आधीच ओळखून दहा हजारांहून अधिक माणसं हलवली आणि एकही जीव गेला नाही. गावाची सार्वजनिक न्हाणी मात्र चिखलाच्या लोंढ्यात गेली. तिचे अवशेष त्यांनी तसेच राखून ठेवले आहेत, पोराबाळांना दाखवायला. ज्या पाण्यासाठी अशी किंमत मोजावी लागते त्यात कुणी साबणाची वडी फिरवणार नाही. बिलात एक लहानशी ओळ असते, स्नानाच्या कराची. सर्वसाधारणपणे माणशी दीडशे येन. तो पैसा झऱ्यांची राखण, स्वच्छता असल्या कामांसाठी असतो. साडूंनी बिलातल्या दुसऱ्या ओळींवर पुष्कळ शंका काढल्या, या ओळीवर काढली नाही.

जपानची आरती मी ओवाळत नाही. याच होक्काइदो बेटावर ओतारू शहरातल्या एका न्हाणीघराने "फक्त जपान्यांसाठी" अशी पाटी लावली होती. गोऱ्या कातडीच्या एका गृहस्थाने रीतसर जपानी नागरिकत्व घेतलं, तरी त्याला आत घेईनात. तिघांनी दावा लावला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये साप्पोरोच्या कोर्टाने न्हाणीघराला प्रत्येकी दहा लाख येन भरायला लावले. अंगावर गोंदण असलं की आजही पुष्कळ ठिकाणी दारातून परत पाठवतात, कारण तिथे गोंदण म्हणजे गुंडांची खूण. २०१३ साली न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या परंपरागत गोंदणापायी होक्काइदोतच नकार मिळाला. आपली आजी हातावर तुळशीवृंदावन आणि कपाळावर ठिपका गोंदवून तिथे गेली असती, तर तिलाही थांबवलं असतं. म्हणजे लाज चुकीच्या खुंटीला टांगायची कला तिथेही आहे. फक्त ती माणसाच्या कातड्याबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही.

आता आपल्याकडे या. गरम पाण्याचे झरे आपल्याला देवाने काही कमी दिलेले नाहीत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरचं उन्हाळे, खानदेशातलं उनपदेव. यांतल्या काही गावांच्या नावातच ऊन पाणी आहे. यांतल्याच एका कुंडावर मी जपानहून आल्यावर मुद्दाम गेलो. कुठल्या ते सांगत नाही; उगाच त्या गावाला वाटायचं की दुसरी फार स्वच्छ आहेत. दगडी बांधणी सुरेख, पाण्याला छान वाफ. पाण्यावर शांपूच्या रिकाम्या पुड्या तरंगत होत्या. एक गृहस्थ पायरीवर बसून अंगाला साबण चोपडत होते आणि फेसासकट आत डुबकी मारत होते. एकजण दात घासत होता. एक बाई चादर धूत होती. आणि सारेजण, वाचकहो, सारेजण कपडे घालून होते! लाजेला कुठेही धक्का नव्हता.

मी त्या साबणवाल्या गृहस्थांना म्हटलं, "अहो, हे वर बसून धुतलंत तर?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "देवाचं पाणी आहे. ते आपोआप शुद्ध होतं." याला उत्तर नाही.

देवाचं पाणी आपोआप शुद्ध होतं, यावर आपला खरोखरच विश्वास असता तर एक वेळ चाललं असतं. पण सव गावचं महाड जवळच आहे आणि महाडला चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. ओंजळीने. साबण नाही, कपडे धुणं नाही. तेव्हा मात्र ते पाणी आपोआप शुद्ध झालं नाही! गावातल्या शहाण्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते "शुद्ध" केलं. तळं सर्वांना खुलं असल्याचा मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल लागलं. आपल्या लाजेचा हिशोब तो हाच. माणसाच्या ओंजळीने आपलं पाणी बाटलं, शेणाने शुद्ध झालं आणि साबणाचं त्याला सोयरसुतकच नाही. पाणी घाण करण्याची लाज आपल्याला कधी शिकवलीच गेली नाही. शिकवली ती पाण्याजवळ कुणी यावं आणि कुणी येऊ नये एवढीच.

"पण आपल्याकडे गर्दी किती!" हा शेवटचा बचाव. अहो, गर्दी आहे म्हणूनच तर आधी धुवायला हवं. एकटा माणूस तळ्यात साबण लावील तर तळं ते पचवीलही. हजार माणसं लावतील तर मग तळंच अंगाला चोळायच्या लायकीचं राहणार नाही. गर्दी ही घाणीची सबब नव्हे, नळांची संख्या वाढवण्याचं कारण आहे.

आणि हे काही परदेशातून आयात करायला नको. ती बुटकी चौरंगी म्हणजे आपला पाटच. ती बादली म्हणजे घंगाळ. तांब्याचा बंब, पाट, तांब्या, टाच घासायला वज्री. आजोबांच्या न्हाणीत हे सगळं होतं. विहिरीवर गेलं तर काठापासून लांब, दगडावर बसून पाणी घ्यायचं आणि ते आळ्यात जायचं. आत थेंब परत पडला तर आजीचा आवाज तीन घरं ऐकू जाई. घरच्या विहिरीला आपण नीट वागवलं. जे पाणी सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही असं मात्र आपण ठरवून टाकलं.

माझी मागणी फार थोडी आहे. प्रत्येक गरम कुंडाच्या अलीकडे एक न्हाणी बांधा. दहा नळ पुरुषांना, दहा बायकांना, मध्ये धड उंचीची भिंत. पाट, बादल्या, आणि सांडपाण्याला कुंडाकडे न जाणारा उतार. आत कुणी कपडे घालून उतरायचं की न घालता, याबद्दल माझा काही हट्ट नाही. घाला बापडे स्वेटरसुद्धा. फक्त आधी धुवा. याला जो खर्च येईल तो सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटचा डॉल्फिन बसवायला लागतो त्याहून कमीच असेल. आणि डॉल्फिनाला साबण लागत नाही, माणसाला लागतो, एवढं तरी सुशोभीकरण समितीला मान्य व्हायला हरकत नाही.

आता रागवायला मोकळीक आहे. पण रागावून नदीवर जाणार असाल, तर साबण काठावरच ठेवून उतरा.